हवाई पॉइंटांची पुंजी : जमवावी कशी, खर्चावी केव्हा

विमानाचे तिकीट काढताना नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा तपशील भरून झाला की आणखी एक रकाना समोर येतो. तो असतो फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांकाचा, म्हणजेच त्या विमान कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठी असलेल्या योजनेतील सदस्य क्रमांकाचा. हा रकाना भरणे सक्तीचे नसल्याने अनेक प्रवासी तो रिकामा सोडून पुढे जातात. गोव्यात ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही. येथील कितीतरी घरांतून कोणी आखातात नोकरीला आहे, कोणी बोटीवर कामाला आहे, कोणाचे मूल इंग्लंडात स्थायिक झाले आहे. अशा घरातील माणसे दरवर्षी हजारो मैल उडतात, भाड्यापोटी लाखभर रुपये मोजतात आणि त्या भाड्याबरोबर मिळू शकणारा लाभ निव्वळ माहितीअभावी सोडून देतात.

याच्या नेमके उलट वागणारे प्रवासीही आहेत. पॉइंट मिळावेत म्हणून ते गरज नसताना महाग तिकीट घेतात, क्रेडिट कार्डावर उधारी वाढवतात आणि जमलेले पॉइंट वर्षानुवर्षे न वापरता सांभाळून ठेवतात. यात रकाना रिकामा सोडणाऱ्यापेक्षाही अधिक नुकसान होऊ शकते. या दोन्ही टोकांपासून दूर राहायचे असेल, तर ही योजना मुळात काय आहे, ती कोणाच्या हिताने चालते आणि सामान्य प्रवाशाने तिचा उपयोग किती व कसा करावा, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कल्पनेचा उगम

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी निर्बंध उठवणारा कायदा झाला. त्यापूर्वी कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर किती भाड्याने विमान चालवावे, हे सरकार ठरवीत असे. निर्बंध उठताच कंपन्यांत भाड्याची चुरस सुरू झाली आणि प्रवासी ज्याचे तिकीट स्वस्त त्याच्याकडे वळू लागला. नेहमीचा गिऱ्हाईक आपल्याकडेच बांधून ठेवण्याचा उपाय म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ॲडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. जितके मैल उडावे तितके ‘माइल’ खात्यात जमा व्हावेत आणि पुरेसे जमले की फुकट तिकीट मिळावे, असे तिचे साधे स्वरूप होते. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने आपली योजना आणली आणि पुढे जगभरातील कंपन्यांनी तोच मार्ग धरला.

आज काही कंपन्या या एककाला माइल म्हणतात, काही पॉइंट म्हणतात, तर ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज यांच्याकडे त्याचे नाव ‘एव्हिऑस’ आहे. नाव काहीही असले तरी तत्त्व एकच. कंपनी स्वतःचे एक खासगी चलन काढते आणि ते प्रवाशाच्या खात्यात जमा करते. त्या चलनात काय घेता येईल, किती दराने घेता येईल आणि ते किती काळ चालेल, हे सर्वस्वी कंपनी ठरवते. प्रवाशाने सदस्य होताना ज्या अटी मान्य केलेल्या असतात, त्यांत हे अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेले असतात.

ही बँकेतील ठेव नव्हे

या खासगी चलनाचे पुढे काय होऊ शकते, हे भारतीय प्रवाशांनी पाहिलेले आहे. किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि ‘किंग क्लब’च्या सदस्यांनी जमवलेल्या माइलना अर्थ उरला नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. जेटची ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना स्वतंत्र कंपनीच्या ताब्यात होती, त्यामुळे ती बुडाली नाही आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे चालू राहिली. सदस्यांचे माइल खात्यात शाबूत होते, परंतु ज्या विमानांसाठी ते जमवले होते ती विमानेच उरली नव्हती.

विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हाचा अनुभव तुलनेने बरा होता. ‘क्लब विस्तारा’चे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग करण्यात आले. तरीही विस्ताराच्या नियमांवर विसंबून ज्यांनी हिशेब मांडला होता, त्यांना नव्या नियमांप्रमाणे तो पुन्हा मांडावा लागला. एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही जुनी योजना २०२४ मध्ये मुळापासून बदलली आणि २०२५ मध्ये तिचे नावही ‘महाराजा क्लब’ झाले.

कंपनी बुडण्याचीच भीती असते असे नाही. चांगल्या चाललेल्या कंपन्याही अधूनमधून फुकट तिकिटासाठी लागणारे पॉइंट वाढवतात. काल ज्या तिकिटाला वीस हजार पॉइंट लागत होते त्याला आज पंचवीस हजार लागू लागले, तर खात्यातील आकडा तोच राहूनही त्याची किंमत एक पंचमांशाने घटलेली असते. ठेवीवर व्याज मिळते, पॉइंटांवर मिळत नाही. म्हणून पॉइंट जमतील तसे योग्य वेळी वापरून मोकळे व्हावे, ही या विषयातील पहिली शिकवण होय.

लाभ नेमका कोणाचा?

कंपन्या हे पॉइंट औदार्याने वाटतात, असा समज असेल तर कोविडच्या काळातील एक उदाहरण पाहावे. २०२० मध्ये जगभरातील विमाने जमिनीवर उभी होती, तिकीटविक्री जवळजवळ थांबली होती. तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने त्याच वर्षी ‘स्कायमाइल्स’च्या आधारे ९ अब्ज डॉलर आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये ‘ॲडव्हांटेज’च्या आधारे १० अब्ज डॉलर मिळवले. विमाने उडत नसताना सावकार या योजनांवर एवढी रक्कम देण्यास तयार झाले, यामागे कारण होते. कंपन्या हे पॉइंट मोठ्या प्रमाणावर बँकांना विकतात. बँका ते क्रेडिट कार्डाच्या ग्राहकांना खर्चाच्या प्रमाणात देतात आणि त्या बदल्यात विमान कंपनीला रोख पैसे मोजतात. एकही विमान न उडता येणारे हे उत्पन्न आहे.

यावरून एवढेच लक्षात घ्यायचे की या व्यवहाराची आखणी कंपनीच्या फायद्यासाठी झालेली आहे. प्रवाशाला त्यात लाभ होतो, पण तो स्वतःच्या गरजेप्रमाणे प्रवास करणाऱ्याला होतो. पॉइंटांच्या गरजेप्रमाणे प्रवास करणारा मात्र कंपनीच्या आखणीत नेमका बसतो.

दोन स्वतंत्र मोजमापे

नव्या सदस्याचा गोंधळ उडतो तो मुख्यतः एका ठिकाणी. प्रत्येक योजनेत दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे खर्च करता येणारे पॉइंट. त्यांतून तिकीट घेता येते, वरच्या वर्गात जागा मिळवता येते. दुसरी म्हणजे श्रेणी ठरवणारे पॉइंट. ते खर्च करता येत नाहीत, परंतु ठरावीक काळात त्यांची ठरावीक संख्या गाठली की सदस्य सिल्व्हर, गोल्ड अशा वरच्या श्रेणीत जातो. श्रेणी कायमची नसते. ठरलेल्या काळात पुन्हा तेवढा प्रवास झाला नाही तर ती खाली येते.

श्रेणीचे लाभ वारंवार उडणाऱ्यास खरोखर उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, एअर इंडियाचा गोल्ड किंवा प्लॅटिनम सदस्य ‘स्टार अलायन्स’ या गटातील इतर कंपन्यांच्या विमानांतही गोल्ड सदस्य मानला जातो. जेथे सामान वजनावर मोजतात तेथे त्याला २० किलो जास्त सामान नेता येते, विमानतळावरील लाउंजमध्ये बसता येते आणि चेक-इनला वेगळी रांग मिळते. परदेशातून सुट्टीवर येताना सामानाच्या किलोकिलोचा हिशेब करणाऱ्या कुटुंबाला यातील मोल वेगळे सांगावयास नको. परंतु वर्षातून एक-दोनदाच उडणाऱ्याने श्रेणीच्या मागे लागू नये. ती हाती येण्याइतका प्रवास त्याचा होत नाही आणि ओढूनताणून ती गाठण्यासाठी केलेला खर्च पुढील वर्षी श्रेणीसोबतच वाया जातो.

अंतरावर की भाड्यावर?

पूर्वी पॉइंट उडालेल्या अंतरावर मिळत. स्वस्त तिकीट काढून लांबचा प्रवास करणाऱ्याचा त्यात फायदा होई. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये ही पद्धत मोडून भरलेल्या भाड्याच्या प्रमाणात माइल देण्यास सुरुवात केली. पुढे ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. या पद्धतीत कंपनीच्या पैशाने ऐनवेळी महाग तिकीट काढणाऱ्याला भरपूर मिळते, तर चार महिने आधी स्वस्त तिकीट काढणाऱ्या कुटुंबाला थोडे.

ज्या योजनांत अजून अंतराला महत्त्व आहे, तेथेही भाड्याचा वर्ग पाहिला जातो. तिकिटावर एका रोमी अक्षराने हा वर्ग दर्शविलेला असतो. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला पूर्ण माइल, तर दुसऱ्याला चौथा हिस्सा किंवा काहीच नाही, असे घडते ते या अक्षरामुळे. बोटीवर कामाला जाणाऱ्यांची तिकिटे बहुधा जहाज कंपनीचे एजंट खलाशांसाठीच्या खास भाड्याने काढतात. त्या भाड्यावर पॉइंट मिळतात की नाही, हे योजनेप्रमाणे बदलते. मात्र विचारण्यास काही खर्च नाही. तिकिटाचे पैसे कंपनीने भरलेले असले तरी पॉइंट सामान्यतः प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याच्याच खात्यात जातात. एजंटाला आपला सदस्य क्रमांक आधीच कळवून ठेवावा, किंवा चेक-इनच्या खिडकीवर तो नोंदवून घ्यावा.

सरकारी नोकरांसाठी येथे एक इशारा आहे. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे कार्यालयीन दौऱ्यात मिळालेले माइल कार्यालयीन प्रवासासाठीच वापरायचे असतात. खासगी प्रवासासाठी ते वापरणे कारवाईस पात्र ठरते.

निवड आपल्या मार्गावरून

योजना निवडताना जाहिरातीतील आकड्यांपेक्षा आपण कोठून कोठे जातो, हे आधी पाहावे. येथे विमान कंपन्यांचे तीन जागतिक गट समजून घेणे उपयोगी पडते. ‘स्टार अलायन्स’ १९९७ मध्ये, ‘वनवर्ल्ड’ १९९९ मध्ये आणि ‘स्कायटीम’ २००० मध्ये स्थापन झाला. एका गटातील कोणत्याही कंपनीच्या विमानाने प्रवास केला तरी पॉइंट त्याच गटातील दुसऱ्या कंपनीच्या खात्यात घेता येतात. एका प्रवासाचे पॉइंट एकाच खात्यात जातात, दोन्हीकडे मिळत नाहीत. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्झा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश एअरलाइन्स, युनायटेड, एअर कॅनडा आणि पोर्तुगालची टॅप या कंपन्याही त्याच गटात आहेत. एअर इंडिया एक्स्प्रेस मात्र या गटाची सदस्य नाही, त्यामुळे नावातील साम्यावरून दोहोंचे लाभ एकच समजू नयेत.

गोव्यातील प्रवाशाच्या दृष्टीने वनवर्ल्ड गटाकडे विशेष लक्ष द्यावे असे आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. कतार एअरवेजने २०२४ मध्ये आपली दोहा सेवा दाबोळीहून तेथे हलवली, तर ओमान एअर मोपाला मस्कतशी जोडते. कतार एअरवेज २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे आणि ओमान एअर २०२५ मध्ये त्यात दाखल झाली. ब्रिटिश एअरवेज ही या गटाच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे मस्कतला नोकरी करणारा भाऊ, दोह्यातील बहीण आणि लंडनहून मुंबईमार्गे येणारा मुलगा हे तिघेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी आले, तरी त्यांचे पॉइंट एकाच गटातील खात्यांत राहू शकतात. कतार आणि ब्रिटिश एअरवेज या दोघींचे चलन एव्हिऑसच असल्याने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ते हलवताही येतात.

स्विंडन, साउथॉल येथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांना आणखी एक वाट आहे. ब्रिटनमधील सेन्सबरीज या दुकानात खरेदी केल्यावर ‘नेक्टर’चे पॉइंट मिळतात आणि ते एव्हिऑसमध्ये बदलता येतात. दर आठवड्याच्या वाणसामानातून वर्षाअखेर गावच्या तिकिटाला थोडा हातभार लागतो. जी खरेदी एरवीही करायचीच आहे, तिच्यातूनच तो मिळावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

दुबईला असलेल्यांपुढे एमिरेट्सचा पर्याय असतो. ती कोणत्याही जागतिक गटात नाही आणि तिचे विमान गोव्यात उतरत नाही. मुंबई, बंगळूर किंवा हैदराबाद येथून ते गाठावे लागते. तिची ‘स्कायवर्ड्स’ योजना कुटुंबातील सदस्यांचे माइल एकत्र करू देते. लहान मुले असलेल्या घराला ही सोय महत्त्वाची आहे, कारण चार खात्यांतील थोडेथोडे माइल एकेकटे कशालाच पुरत नाहीत.

केवळ देशांतर्गत प्रवास करणाऱ्यास निवड सोपी आहे. इंडिगोने २००६ पासून बरीच वर्षे अशी योजनाच ठेवली नव्हती. २०२४ मध्ये तिने ‘ब्लूचिप’ आणली. ज्याचे दिल्ली, पुणे, हैदराबादचे फेरे प्रामुख्याने इंडिगोने होतात त्याने तिचे सदस्य व्हावे. ज्याला पुढे परदेशी जोडविमान घ्यायचे असते त्याने एअर इंडियाचा विचार करावा. सदस्यत्व विनामूल्य असते. तरीही पाच-सहा योजनांत पॉइंट विखुरण्यापेक्षा एक मुख्य आणि फार तर एक पूरक योजना ठेवणे शहाणपणाचे ठरते.

एका पॉइंटची किंमत किती?

खात्यात चाळीस हजार पॉइंट आहेत, याला स्वतंत्रपणे काही अर्थ नाही. ते कशासाठी वापरले यावर त्यांची किंमत ठरते आणि ती काढण्याचा हिशेब प्राथमिक शाळेतील आहे. जे तिकीट पॉइंट देऊन घ्यायचे, त्याचे रोख भाडे पाहावे. पॉइंट देऊनही कर आणि शुल्क म्हणून जे रोख भरावे लागते ते त्यातून वजा करावे. उरलेल्या रकमेस लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे.

समजा, एका तिकिटाचे रोख भाडे ६,००० रुपये आहे. पॉइंट वापरल्यास ८,००० पॉइंट आणि १,२०० रुपये द्यावे लागतात. वाचले ४,८०० रुपये, म्हणजे एका पॉइंटला ६० पैसे मिळाले. तेच तिकीट नाताळात १४,००० रुपयांचे झाले आणि कंपनीने पॉइंट तेवढेच ठेवले, तर वाचतात १२,८०० रुपये, अर्थात पॉइंटला १ रुपया ६० पैसे. परंतु अनेक कंपन्या आता रोख भाड्याबरोबर पॉइंटही वाढवतात. तेथे १४,००० रुपयांच्या तिकिटाला २०,००० पॉइंट आणि १,४०० रुपये मागितले, तर पॉइंटला पुन्हा ६३ पैसेच पडतात. एकदा हा हिशेब करण्याची सवय लागली की पॉइंट देऊन घड्याळ, सुटकेस किंवा गिफ्ट व्हाउचर घेण्याच्या योजना बहुधा किती तोट्याच्या असतात, हे आपोआप दिसू लागते.

‘फुकट तिकीट’ या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानांवर तेथील सरकारचा प्रवासी कर आहे आणि पॉइंट देऊन घेतलेल्या तिकिटावरही तो भरावाच लागतो. वरच्या वर्गासाठी तो इकॉनॉमीच्या दुपटीहून अधिक असतो. काही कंपन्या त्यावर स्वतःचा अधिभारही लावतात. लंडनहून गोव्याला येणाऱ्याने पॉइंट देण्यापूर्वी रोख भरावयाचा आकडा पाहिलाच पाहिजे. कधीकधी साध्या स्वस्त तिकिटात आणि ‘फुकट’ तिकिटात फरक फारसा नसतो.

बिझनेस क्लासचे तिकीट पॉइंटांतून घेतल्यास कागदावर किंमत उत्तम दिसते, कारण त्याचे रोख भाडे अवाढव्य असते. परंतु जे तिकीट आपण रोख पैसे देऊन कधीच घेतले नसते, त्याचे पूर्ण भाडे ‘वाचले’ असे म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे झाले. तेवढ्याच पॉइंटांत आई-वडिलांना मुलाकडे पाठवता येत असेल, तर तो उपयोग अनेकांना अधिक मोलाचा वाटेल.

कार्डाचा मोह

विमान कंपनी आणि बँक यांच्या संयुक्त क्रेडिट कार्डावर सुरुवातीलाच हजारो पॉइंट देण्याची जाहिरात असते. दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी असे कार्ड लाभाचे ठरू शकते, मात्र वार्षिक शुल्क वजा जाता काय उरते हे पाहावे. ज्याचे बिल थकते, त्याच्यासाठी हिशेब साफ उलटा होतो. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज ही सर्रास आढळणारी आकारणी आहे. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ५०,००० रुपये एक महिना थकले तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे २,०६५ रुपये जातात. शंभर रुपयांमागे दोन पॉइंट मिळत असतील, तर त्या ५०,००० रुपयांच्या खर्चावर मिळाले १,००० पॉइंट, म्हणजे वरील दराने ६०० रुपये. सहाशे मिळवण्यासाठी दोन हजारांवर पाणी सोडणारा हा व्यवहार आहे. बिल दरमहा पूर्ण भरण्याची खात्री नसेल, तर अशा कार्डाच्या वाटेला न जाणेच योग्य.

मुदत, नाव आणि नोंद

पॉइंट जमा झाल्यावर हातचे जातात ते मुख्यतः मुदत संपल्याने. प्रत्येक योजनेचा नियम निराळा आहे. एमिरेट्सचे माइल सुमारे तीन वर्षांनी, सदस्याच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपतात. सिंगापूर एअरलाइन्सचे माइलही तीन वर्षेच टिकतात. मध्ये प्रवास केला म्हणून ती मुदत आपोआप वाढत नाही. एव्हिऑसचे तसे नाही. ३६ महिन्यांत खात्यावर एक जरी व्यवहार झाला तरी सगळे एव्हिऑस जिवंत राहतात. युनायटेडने २०१९ मध्ये मुदतीची अटच काढून टाकली. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्याला यांपैकी कोणता नियम सोयीचा, हे उघड आहे. म्हणून योजना निवडतानाच मुदतीचा नियम वाचावा.

नावाचा प्रश्न गोव्यात अधिक जाणवतो. पोर्तुगीज काळातील दाखल्यांवर आडनाव एका रोमी स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, तर पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगने, असे अनेक घरांतून आढळते. सदस्य खात्यावरील नाव आणि तिकिटावरील नाव जुळले नाही, तर पॉइंट जमाच होत नाहीत. खाते उघडताना पासपोर्टवरील नाव अक्षरशः उतरवून घ्यावे आणि पासपोर्ट बदलल्यास खातेही सुधारून घ्यावे.

प्रवास झाल्यावर बोर्डिंग पास लगेच फाडून टाकू नये. पॉइंट जमा झाले नाहीत तर ते मागून घेता येतात, पण त्यासाठी योजनेप्रमाणे काही महिन्यांचीच मुदत असते आणि तिकीट क्रमांकाबरोबर बोर्डिंग पास मागितला जाऊ शकतो. ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार’ असा संदेश मोबाइलवर आला तर त्यातील दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी थांबावे. फसवणूक करणारे हीच घाई वापरतात. कंपनीचे ॲप किंवा संकेतस्थळ स्वतः उघडून खाते पाहावे. आपले पॉइंट तिऱ्हाइताला विकणे हेही योजनांच्या नियमांविरुद्ध असते. ते उघड झाल्यास खाते बंद होऊन काढलेली तिकिटेही रद्द होऊ शकतात.

आणखी एक बाब घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावी. सदस्याच्या निधनानंतर पॉइंट बँकेतील ठेवीप्रमाणे वारसाकडे आपोआप जात नाहीत. काही कंपन्या कागदपत्रे पाहून ते वर्ग करतात, काहींच्या अटींप्रमाणे ते तेथेच संपतात. आपले खाते कोणत्या योजनेत आहे हे निदान घरच्यांना ठाऊक असावे.

खर्च केव्हा करावा?

पॉइंटांतून मिळणाऱ्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. चतुर्थी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी या दिवसांत त्या सर्वांत आधी संपतात, आणि गोमंतकीयांना नेमके तेव्हाच घरी यायचे असते. तारखा ठरल्या की लगेच शोध घ्यावा. अनेक कंपन्या जवळजवळ वर्षभर आधी आरक्षण खुले करतात. एक-दोन दिवस मागेपुढे करण्याची तयारी असेल तर जागा मिळण्याची शक्यता वाढते. रद्द केल्यास पॉइंट किती शुल्क कापून परत मिळतात, हेही आधीच पाहावे. आजारपण, मर्तिक अशा प्रसंगी ऐनवेळचे रोख भाडे डोळे पांढरे करणारे असते. पॉइंटांतील जागा अशा वेळी शिल्लक असेल तर तिचे मोल सर्वाधिक ठरते. म्हणून घरापर्यंतच्या एका फेरीपुरते पॉइंट हाताशी ठेवावेत आणि त्याहून अधिक जमलेले वापरून टाकावेत.

प्रवास ठरवताना भाडे, वेळ आणि थेट विमान यांचा विचार आधी व्हावा. पॉइंटांसाठी दोन हजार रुपये जास्त भरून तीन-चारशे रुपयांचा लाभ मिळवण्यात शहाणपण नाही. जे तिकीट एरवीही काढले असते तेच काढावे, मात्र तो रिकामा रकाना भरावा. पुढच्या वेळी आखाताचे किंवा लंडनचे तिकीट काढण्यापूर्वी दहा मिनिटे खर्चून घरातील प्रत्येकाचे खाते पासपोर्टवरील नावाने उघडावे, मुदतीचा नियम वाचून ठेवावा आणि मागील काही महिन्यांतील प्रवासाचे पॉइंट अजून मागता येतात का, तेही पाहून घ्यावे.